तळं कोणाचं? कोर्टाच्या कागदांचं एक वाचन

मागच्या उन्हाळ्यात मावसभावानं व्हॉट्सॲपवर एक अर्ज पाठवला. "दादा, एकदा नजर टाक. उद्या द्यायचाय." विषय होता आमच्या भागातल्या एका साठवण तलावात नाल्यातून येणारं सांडपाणी. अर्ज सुरू होत होता तो 'तलाव हा गावाचा आत्मा असतो' इथून. दुसऱ्या परिच्छेदात लहानपणी पोहायला जायचे ते दिवस. तिसऱ्यात आजचा माणूस निसर्गापासून कसा दुरावला. चौथ्यात पाणी हेच जीवन. शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती'. तलावाचा गट नंबर नव्हता. नाला कुठून येतो ते नव्हतं. पाणी कधीपासून येतंय तेही नव्हतं.

आधी हसू आलं, मग जरा लाज वाटली. कारण मी लिहिला असता तर असाच लिहिला असता. मराठीत तळ्यावर लिहायचं म्हणजे हळवं व्हायचं, हे आम्ही शाळेतल्या निबंधापासून शिकत आलोय. तळं म्हणजे संध्याकाळ, एकटेपण, आठवण. त्यात कोण काय सोडतंय, हे लिहिण्याची भाषा आम्हाला कुणी दिली नाही.

मी मुरुमचा. धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं गाव. गावाच्या नावाची एक गंमत आहे. मुरुम म्हणजे रस्त्यावर, प्लॉटवर, खड्ड्यात भरतात तो कच्चा भुसभुशीत दगड. महाराष्ट्रात कुठलंही तळं बुजवायचं झालं की तिथं आधी डंपरभर मुरुम येऊन पडतो. म्हणजे तळ्याच्या बाबतीत आमच्या गावाचं नाव तसं आरोपीच्या पिंजऱ्यातच आहे.

त्या अर्जामुळं मी एक उद्योग केला. तळ्यांवरचे कोर्टाचे निकाल वाचायला घेतले. कायद्याचा विद्यार्थी वाचतो तसे नाही, कथा वाचतो तसे. यात बोलतंय कोण, कुणासाठी, कुठल्या शब्दांत? गोष्ट कुठं संपते आणि कुणाला बाहेर ठेवून? पगार नाही, पक्ष नाही, तरी तळ्याच्या बाजूनं कोर्टात उभी राहणारी माणसं आपल्याकडं आहेत. त्यांच्या धडपडीतून जे कागद तयार झाले, त्यांची समीक्षा कुणी करत नाही. बातमी होते, फार तर संपादकीय होतं. हा लेख ती कसर थोडी भरून काढण्यासाठी.

बाटलेलं तळं

तळ्याचा मराठी मुलखातला सगळ्यात मोठा खटला प्रदूषणाचाच होता, असं मी म्हटलं तर तुम्ही दचकाल. तो महाडच्या चवदार तळ्याचा.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. तो कागदावर होता, पाण्यापर्यंत पोचला नव्हता. माणसं पाणी पिऊन गेल्यावर गावातल्या सवर्णांनी ठरवलं की तळं बाटलं. मग ते 'शुद्ध' करण्यात आलं. 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य आणि मंत्रांसह.

इथं थांबून शब्दाकडं बघा. 'प्रदूषण' हा आपल्याकडं अलीकडचा, पाठ्यपुस्तकी शब्द. 'बाटणं' हा जुना. तळ्याच्या बाबतीत आपल्या समाजानं हा जुना शब्द आधी वापरला, आणि तो माणसांसाठी वापरला. ज्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतलं गेलं ते शुद्ध ठरलं. ज्या पाण्याला फक्त ओंजळ लागली ते अशुद्ध. आजचा जलप्रदूषण कायदा तेव्हा असता, तर नोटीस नेमकी कुणाला गेली असती, याचा विचार करून बघा.

पुढं 12 डिसेंबर 1927 रोजी काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. म्हणजे या खटल्यात बाबासाहेब वादी नव्हते, प्रतिवादी होते. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम आला. त्याच महिन्यात महाडला दुसरी परिषद भरली, हजारो लोक जमले, पण तळ्यावर पुन्हा पाणी प्यायला जाण्याचा कार्यक्रम स्थगित झाला. शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिला 17 मार्च 1937 रोजी, सत्याग्रहानंतर जवळपास दहा वर्षांनी. निकाल लिहिणारे न्यायाधीश ब्रूमफील्ड. 1922 साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच.

निकाल वाचताना मला अपेक्षा होती मोठ्या वाक्यांची. समता, माणुसकी, पाण्यावरचा हक्क. तसं काही फारसं मिळत नाही. मिळतं ते वर्णन, आणि तेही एखाद्या भूमापकानं करावं तसं. तळं चार-पाच एकरांचं आहे, भोवती नगरपालिकेचे रस्ते आहेत, पलीकडं घरं आहेत, काठच्या घरमालकांनी पायऱ्या बांधल्यात. मग प्रश्न : अनादी काळापासून काही लोकांना इथं मज्जाव होता, अशी रूढी वादींनी सिद्ध केली का? नाही केली. विषय संपला.

पहिल्या वाचनात मला हे कोरडं वाटलं. एवढा मोठा संघर्ष आणि निकाल पुराव्याच्या मुद्द्यावर? दुसऱ्या वाचनात कळलं की या कोरडेपणात ताकद आहे. वादींचा सगळा डोलारा 'हे असंच चालत आलंय' या एका वाक्यावर उभा होता. कोर्टानं ते वाक्य श्रद्धा म्हणून मान्यही केलं नाही आणि अंधश्रद्धा म्हणून झिडकारलंही नाही. 'दाखवा' एवढंच म्हटलं. ते दाखवता आलं नाही.

पण समीक्षकानं इथं एक उणीवही नोंदवली पाहिजे. दावा सुटला तो रूढी सिद्ध न झाल्यामुळं. सिद्ध झाली असती तर? या प्रश्नाला तो निकाल फारसा हात घालत नाही. त्याचं उत्तर पुढं संविधानाला द्यावं लागलं.

हरलेल्या याचिकेतलं वाक्य

आता 1991. पर्यावरणाच्या जवळपास प्रत्येक याचिकेत, प्रत्येक भाषणात एक गोष्ट सांगितली जाते. ती अशी की संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा आणि हवेचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. खरंय. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य, जानेवारी 1991. विषय तळ्याचा नव्हता, बोकारो नदीचा होता. कोळसा धुतलेला गाळ नदीत सोडला जातो, अशी तक्रार.

हे वाक्य सगळे सांगतात. गोष्टीचा शेवट फार कमी जण सांगतात. ती याचिका फेटाळली गेली. न्यायालयाला दिसलं की याचिकाकर्ता तोच गाळ विकत घेणारा माणूस आहे, त्याला तो आणखी हवा होता, मिळत नाही म्हणून तो नदीचं नाव घेऊन आला. जनहिताच्या आड स्वतःचं हित. न्यायालयानं त्याला 5,000 रुपये खर्च भरायला लावला.

म्हणजे आपल्या पाण्याच्या हक्काचं सगळ्यात सुंदर वाक्य एका हरलेल्या याचिकेत आहे. एखाद्या कथाकारानं असा शेवट लिहिला असता तर आपण त्याला फार जुळवून आणलेला म्हटलं असतं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, निकालातलं मोठं वाक्य आणि प्रत्यक्ष मिळालेला हुकूम यांच्यात मोठी दरी असू शकते. त्या वाक्यामुळं बोकारोचं पाणी त्या दिवशी एक थेंबही स्वच्छ झालं नाही. दुसरं, 'स्वयंसेवक' या शब्दाला कोर्टात वजन आहे. गावात आपण तो शब्द हलका करून टाकलाय. जत्रेत रांग लावणारा, सभेत सतरंज्या टाकणारा. कोर्टात मात्र पहिला प्रश्नच हा असतो : तुला यातून काय मिळणार? 'काहीच नाही' हे उत्तर ज्याला प्रामाणिकपणे देता येतं, त्याचंच म्हणणं पुढं ऐकलं जातं. सुभाष कुमारचा निकाल त्याच्या मोठ्या वाक्यासाठी नाही, तर या कसोटीसाठी वाचावा असं मला वाटतं.

अनादी काळाचं परत येणं

खेड्यातल्या तळ्यांबद्दलचे दोन निकाल सारखे आडवे येतात. पहिला हिंचलाल तिवारी विरुद्ध कमला देवी, जुलै 2001. उत्तर प्रदेशातलं एक गाव. तळ्याची जमीन घरांसाठी वाटली गेली. बचाव असा की तळ्याचा काही भाग आता सपाटच झालाय, तिथं तळं उरलंय कुठं? हा बचाव आपल्या ओळखीचा आहे. आधी मुरुम टाकायचा, मग म्हणायचं इथं कुठं पाणी आहे. सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. तळी, टेकड्या, वनं ही समाजाची संपत्ती आहे, ती राखली पाहिजे, आणि बुजलेलं तळं पुन्हा तळं केलं पाहिजे, असं सांगितलं.

दुसरा जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य, 28 जानेवारी 2011. पटियाला जिल्ह्यातल्या गावात काहींनी तळं बुजवून घरं बांधली. सरकारी अधिकाऱ्यांनी पैसे भरून घेऊन ते नियमित करायची तयारी दाखवली होती. न्यायालयानं नकार दिला, आणि सगळ्या राज्यांना सांगितलं की गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करा. आजही कुणी गावतळ्यासाठी अर्ज लिहिला तर जाणकार वकील सांगतो, यात जगपाल सिंह टाक.

निकाल म्हणून तो उपयोगी आहे. मजकूर म्हणून वाचताना मात्र मी एका ठिकाणी अडखळलो. तो सुरू होतो तो अनादी काळापासून गावसमाजाच्या मालकीच्या सामाईक जमिनींच्या वर्णनानं. गुरं पाणी प्यायची, डुंबायची, सगळ्या गावाचा फायदा व्हायचा. मग स्वातंत्र्यानंतर धनदांडगे आले, आणि हे सगळं गेलं.

अनादी काळ! महाडला वादींचा हाच शब्द होता. 1937 साली न्यायालयानं 'अनादी काळापासून' म्हणणाऱ्यांना पुरावा मागितला. 2011 साली न्यायालयानं स्वतःच तो शब्द पुराव्याविना वापरला, आणि त्या चित्रातलं तळं सगळ्यांचं होतं असं गृहीत धरलं. सगळ्यांचं? आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, पाणवठा किती होते आणि कुणाचा कुठला. ती बोटं मोजून दाखवील.

मी हे निकालाला हाणून पाडायला म्हणत नाही. त्याच निकालात एक समंजस पळवाट आहे, जी भाषणात सांगितली जात नाही. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारनं रीतसर पट्टे दिलेले असतील, किंवा जागेवर शाळा, दवाखाना असं काही असेल, तर अपवाद करता येईल असं तो म्हणतो. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की 'गाव' हा एकसंध शब्द नाही. पण सुरुवातीच्या चित्रात ते ज्ञान उतरलं नाही. आणि वाचक सुरुवातच लक्षात ठेवतो.

तळ्यासाठी लढणाऱ्यानं हा धडा घ्यावा. जुन्या सुवर्णकाळाचा हवाला देऊ नये. एक तर तो नव्हता. दुसरं, त्याची गरज नाही. तळं आज सगळ्यांचं असायला हवं हे सांगायला ते काल सगळ्यांचं होतं हे सिद्ध करावं लागत नाही.

व्याख्येतून गळलेलं तळं

आता या वाचनातला माझा सगळ्यात आवडता भाग, आणि तो आमच्या भागाच्या थेट मुळावर येणारा.

2017 साली केंद्र सरकारनं पाणथळ जागांचे नवे नियम आणले. 2010 च्या जुन्या नियमांच्या जागी. पाणथळ जागा म्हणजे काय, याची व्याख्या त्यात आहे. वाचताना सुरुवात प्रशस्त वाटते : दलदल, पाणवठे, नैसर्गिक वा कृत्रिम, कायमचे वा तात्पुरते. आणि मग वाक्य वळतं. यातून वगळलेलं काय? नद्यांचे प्रवाह, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांच्यासाठी खास बांधलेल्या रचनाही वगळलेल्या.

आता मराठवाड्याकडं बघा. आमच्याकडं तळी जवळपास सगळी माणसानं बांधलेली. पाझर तलाव, साठवण तलाव, गावतळं. कुठलं पिण्यासाठी, कुठलं शेतीसाठी, कुठलं दुष्काळी कामावर हातांना काम म्हणून. सीमाभागात हे नवं नाही. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी तळं बांधलं ते बाराव्या शतकात. आमच्याकडं तळं 'असत' नाही, तळं 'करतात'. आणि नेमकं केलेलं तळं व्याख्येतून गळालं. पहिल्या ओळीत 'कृत्रिम' म्हणून आत घेतलेलं तळं शेवटच्या ओळीत 'खास बांधलेलं' म्हणून बाहेर. एका वाक्यात एवढी हालचाल मी चांगल्या कथेतही क्वचित पाहिली असेल.

मुंबईत पवईच्या तलावावरून हाच वाद झाला. पवईही बांधलेलाच, 1891 सालचा. महापालिकेनं त्याच्या काठानं सायकल ट्रॅकचं काम सुरू केलं. कोर्टात जाणाऱ्यांत तिथल्याच आयआयटीचे विद्यार्थी होते. तुमच्या-माझ्या वयाची पोरं. हा तलाव मानवनिर्मित, मग पाणथळ नियम कसे लागू, असा मुद्दा पालिकेकडून पुढं आला. उत्तर सापडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 सालच्या एका आदेशात. इस्रोच्या नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांची नोंद होती, आणि त्या सगळ्यांना जुन्या नियमांमधल्या बंधनांचं तत्त्व लागू राहील, असा तो आदेश. पवई त्या यादीत होता. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ट्रॅक बेकायदा ठरवला, काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

पवई वाचला तो सौंदर्यामुळं नाही. यादीत नाव होतं म्हणून वाचला.

मग आमच्या लहान तळ्यांचं काय, जी कुठल्याच यादीत नाहीत? इथं मला जुना, 1974 चा जलप्रदूषण कायदा भेटला. त्यात 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात नदी येते. जलमार्ग येतो, मग तो वाहता असो वा त्या वेळी कोरडा. जमिनीवरचं पाणी येतं, मग ते नैसर्गिक असो वा कृत्रिम. जमिनीखालचं पाणीही येतं. अशा कुठल्याही पाण्यात विषारी, घातक किंवा दूषित करणारं काही सोडायला कलम 24 नुसार मनाई आहे.

'त्या वेळी कोरडा' हे शब्द मी तीनदा वाचले. आमची बेन्नितुरा वर्षातले किती महिने वाहते आणि किती महिने नुसती नावाला नदी असते, हे मुरुमकराला सांगायला नको. कोरड्या पात्रात काहीही टाकलं की लोक म्हणतात, इथं पाणीच कुठंय? कायदा म्हणतो, कोरडी असली तरी नदीच. पावसाळ्यात ती पुढं कर्नाटकात जाते, तिथल्या धरणात साठते. आपण उन्हाळ्यात टाकलेलं सगळं घेऊन.

कायदा लिहिणाऱ्या कुणा अनाम कारकुनानं किंवा सचिवानं दुष्काळी मुलूख डोळ्यांसमोर ठेवून हे शब्द लिहिले का, ते सांगता येत नाही. पण तळ्या-नद्यांवरच्या कितीतरी ललित लेखांपेक्षा हे शब्द मला आमच्या भूगोलाच्या जास्त जवळचे वाटतात. भाषेची नेमकी जागा साधणं म्हणजे काय, ते इथं कळतं.

न संपणारी गोष्ट

लोणारचं सरोवर तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. बुलडाणा जिल्ह्यात, उल्कापातानं बेसाल्ट खडकात झालेलं. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. एक गोष्ट त्या फोटोंखाली नव्हती. त्याच्या अकरा वर्षं आधी, 2009 साली, सरोवर वाचवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली होती. गावातलं सांडपाणी, काठची बांधकामं, स्मारकांची दुरवस्था हे तिचे विषय. म्हणून रंग बदलला तेव्हा विचारणारं कोर्ट आधीच जागं होतं. नमुने तपासले गेले, आणि कारण सापडलं ते पाणी आटून खारटपणा वाढल्यावर फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

अशा याचिकेत एक निकाल लागून प्रकरण संपत नाही. कोर्ट प्रकरण चालू ठेवतं, तारखांमागून तारखा, अहवालांमागून अहवाल. कादंबरी म्हणून बघितली तर ही भयंकर कादंबरी आहे. पात्रं बदलतात, अधिकारी बदली होऊन जातात, न्यायाधीश निवृत्त होतात, आणि कथानक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं : पुढील तारखेस प्रगती अहवाल सादर करावा.

मला आधी हे अपयश वाटलं. आता वाटतं, तळ्याच्या गोष्टीचा खरा आकार हाच असावा. सांडपाणी रोज येतं, म्हणून लक्षही रोज ठेवावं लागतं. एका निकालानं वाचलं असं तळं नसतं. मात्र या आकाराची एक किंमत आहे, आणि ती याचिकाकर्ता भरतो. रजा, प्रवास, झेरॉक्स, गावात पडलेलं 'कोर्टवाला' हे नाव. निकालात यातलं काही दिसत नाही. तिथं तो फक्त 'याचिकाकर्ता'. हा या सगळ्या साहित्यप्रकाराचा मोठा दोष आहे असं मी म्हणेन. तळ्याचं क्षेत्रफळ दशांशापर्यंत येतं, ज्याच्यामुळं ते कागदावर आलं त्या माणसाला एक विशेषणही मिळत नाही.

दुसरा दोष भाषेचा. अनुच्छेद 348 मुळं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं. अलीकडं काही निकालांचे मराठी अनुवाद येऊ लागलेत, पण ज्याच्या बांधाला तळं आहे त्याच्यापर्यंत निकाल पोचतो तो बातमीच्या दोन ओळींत. आपल्याच तळ्याची गोष्ट आपल्याला परक्यानं वाचून दाखवावी लागते. या वेबझिनसारख्या जागांनी इथं काहीतरी करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कथा-कवितांचे अनुवाद आपण करतोच. एखाद्या चांगल्या निकालाचा अनुवाद करून बघू.

पुन्हा अर्ज

संविधानाच्या अनुच्छेद 51 क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत, 1976 साली घातलेली. त्यात वनं, नद्या, वन्यजीव यांच्याबरोबर सरोवरांचं रक्षण स्पष्ट शब्दांत आहे. गंमत अशी की राज्याला पर्यावरणाची जबाबदारी देणाऱ्या अनुच्छेद 48 क मध्ये वनं आहेत, वन्यजीव आहेत, सरोवरांचं नाव नाही. राज्याच्या ओळीतून सुटलेलं तळं नागरिकाच्या ओळीत सापडतं. यावरून राज्याची सुटका होत नाही, पण तळ्याचं नाव संविधानानं कुणाच्या ओळीत लिहिलं, हे विसरता येत नाही.

मावसभावाला मी फोन केला. म्हटलं, आत्मा काढ, गट नंबर टाक. गाव नकाशावर नाला कुठून येतो ते बघ, सांडव्यापासून किती अंतरावर मिसळतो ते पावलांनी मोज. फोटो काढताना तारीख येऊ दे. तो म्हणाला, "दादा, मग यात लिहायचं काय राहिलं?" प्रश्न चांगला होता.

अर्जाची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. 1988 च्या दुरुस्तीनंतर जलप्रदूषण कायद्यात सामान्य माणसालाही तक्रार कोर्टापर्यंत नेण्याची वाट झाली, पण त्याआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून पोच महत्त्वाची. पोच नसेल तर दिवस मोजायचे कुठून? कार्यालयाकडची माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. पुढं जायची वेळ आली तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे. तिथं साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून 'कधीपासून' हे लिहिणं टाळायचं नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जायचं. बाईनं अर्ज केला तर तिथं उत्पन्नाची अट नाही. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आईलाच पुढं करतो." मी म्हटलं, पुढं करू नको, विचार.

दुसरा मसुदा आला तेव्हा तो दीड पानाचा होता. गट नंबर, नाल्याची दिशा, तीन तारखा, चार फोटो, मागणी एका ओळीत. खाली पहिली सही मावशीची. वाचताना कुठंही गळा दाटून येत नव्हता. एक वाक्य मात्र त्यानं मला न विचारता ठेवलं होतं : नाला सध्या कोरडा आहे, परंतु पावसाळ्यात हे सर्व तलावात येईल, आणि त्या पाण्यावर आमच्या वस्तीतल्या बायका धुणं धुतात.

त्या वाक्याला मी हात लावला नाही. तळं कोणाचं, याचं उत्तर त्यात आलं होतं.

परवा त्यानं शिक्का मारलेल्या पोचेचा फोटो पाठवला. कॅलेंडरवर खूण केलीय म्हणाला. आज अकरावा दिवस.